मुळं पांढरी राहायला हवीत

पाण्यात चांगले जंतू सोडावेत की पाण्यातले सगळेच जंतू मारून टाकावेत, हा काही कुणाच्या घरादारावर बेतणारा प्रश्न नव्हे. असल्या प्रश्नांवर लोक चर्चासत्रं घेतात, चहा-बिस्किटं खातात आणि आपापल्या घरी जातात. माझ्यावर मात्र तो बेतला. त्याचं उत्तर चुकलं तर बाबांना घराबाहेर ठेवावं लागेल, अशी वेळ मी स्वतःवर आणली होती, आणि तीही नीट विचार करून.

मी विश्रांतवाडीत सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. फ्लॅटला लागून गच्ची होती. ती मालकांनी मोठ्या मनाने वापरायला दिली, कारण ती गळते हे त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. नोकरी हिंजवडीला, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम कुठे मोडतं ते शोधायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या स्वभावाला शोभेल असंच काम होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि मग काय फरक पडतो ते बघायचं, हे अंगात इतकं मुरलेलं की आमटी बिघडली तरी मी आधी मीठ आणि मग चिंच असं वेगवेगळं तपासत असे. लग्न केलं नाही. विचारणारे आधी थकले, मग त्यांना नातवंडं झाली.

आई गेल्यावर बाबांना अमरावतीहून पुण्याला आणलं. तिकडे त्यांची खानावळ होती. बाहेरगावची कॉलेजची मुलं, एसटीतले कंडक्टर, औषध कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी, सगळे एका रांगेत पाटावर बसायचे आणि बाबा स्वतः वाढायचे. टेबल-खुर्च्या आल्या तरी त्यांनी टेबलं एकाला एक जोडून पंगतच केली. एकदा कुणी मोठा साहेब जेवायला आला म्हणून वाढणाऱ्या माणसाने त्याच्या भातावर जरा सढळ तूप सोडलं. बाबांनी ते पाहिलं, तुपाचं भांडं त्याच्या हातून घेतलं आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या भातावर तेवढंच तूप घातलं. भांडं रिकामं झालं. संध्याकाळच्या जेवणाऱ्यांना तूप मिळालं नाही, पण ती पंगत वेगळी, असं त्यांचं म्हणणं. पंक्तिप्रपंच, म्हणजे एकाच पंगतीत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढणं, याच्याइतकं मोठं पाप त्यांच्या लेखी नव्हतं. खोटं बोलणं चालायचं. देवाला जायचं विसरलं तरी चालायचं.

पुण्यात आल्यावर ते विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग वार, मग गॅस. दोनदा मी ऑफिसातून आले तेव्हा घरात वास कोंडलेला होता आणि बाबा गॅलरीत निवांत बसले होते. ब्युरोकडून त्यांच्याजवळ थांबायला बायका ठेवून पाहिल्या. एकही टिकली नाही. त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की बाबा त्यांच्या हातून पळी काढून घ्यायचे. शेवटची बाई जाताना म्हणाली, "ताई, आजोबा चांगले आहेत हो, पण मला पाहुणी करून बसवतात आणि मलाच वाढतात." घरून काम करायची सवलत होती तोवर जमलं. मग कंपनीने सगळ्यांना पुन्हा ऑफिसात बोलावलं. विश्रांतवाडी ते हिंजवडी जाऊन-येऊन किती वेळ लागतो हे पुण्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही, आणि बाहेरच्याला सांगून पटणार नाही.

मी नोकरी सोडली आणि गच्चीवर लेट्यूस लावलं.

आता हे असं एका ओळीत सांगितलं की वेडेपणा वाटतो. तेव्हा वाटला नाही. गच्चीवर हिरवी जाळी बांधली, पांढऱ्या पाइपांचे दोन मांडव उभे केले, प्रत्येक मांडवाखाली एक निळी टाकी. टाकीतलं पाणी पंपाने वर चढायचं, पाइपांमधून पातळ धारेने वाहायचं आणि परत टाकीत यायचं. पाइपांना भोकं, भोकात जाळीचा पेला, पेल्यात रोप. माती नाही. रोपाला जे काही हवं ते पाण्यात विरघळवून द्यायचं. रोप ठीक आहे की नाही हे पानांवरून उशिरा कळतं. आधी कळतं ते मुळांवरून. पेला उचलून खाली बघायचं. मुळं पांढरी, शेवयांसारखी लोंबत असली की सगळं ठीक. पिवळट झाली की काळजी. तपकिरी झाली, बोटाला बुळबुळीत लागली आणि नाल्यासारखा वास आला, की संपलं.

बाबांना ते काम फार आवडलं. रोज सकाळी चहा झाला की ते गच्चीवर जायचे आणि एकेक पेला उचलून मुळं बघायचे. कुणाला विसरायचे नाहीत, कुणाला दोनदा बघायचे नाहीत. घरात कोणता वार आहे ते त्यांना सांगता यायचं नाही, पण कोपऱ्यातल्या रोपाचं पान किड्यानं खाल्लंय हे ते मला जेवताना सांगायचे. मी त्यांच्या डोळ्यांसमोर असायचे, ते माझ्या. तो एक हिवाळा आम्ही दोघं सुखात होतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे असं लिहायला काही नाही.

माल घेणारी एकच होती. कल्याणीनगरमधली एक तिशीतली बाई, सॅलडचे डबे करून ऑफिसांना पोचवायची. पहिल्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तापलं आणि आठवड्याभरात दोन्ही मांडव सडले. तिने तेव्हा सांभाळून घेतलं. पण दिवाळीनंतर तिने स्पष्ट सांगितलं, "मॅम, आय लव्ह युअर लेट्यूस, खरंच. पण समरमध्येच तर माझी डिमांड पीकला असते ना. या वेळी गॅप आला तर मला तळेगावच्या पॉलिहाऊसवाल्यांकडे शिफ्ट व्हावं लागेल. प्लीज डोन्ट टेक इट पर्सनली." मी पर्सनली घेतलं. दुसरं कसं घेणार?

बंगळुरूचा भाऊ फोनवर म्हणाला, "प्रॅक्टिकल हो. हे चाललं तर ठीक. नाहीतर तू जॉबला जा आणि बाबांना चांगल्या ठिकाणी ठेवू. मी एक बघून ठेवलंय." त्याने आळंदी रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमाचे फोटो पाठवले. फोटोत बाग होती. असल्या फोटोंत नेहमी बागच असते, माणसं क्वचित असतात. बाबांना स्वतःजवळ नेण्याचा विषय निघाला नाही. त्याच्या घराला गच्ची नव्हती. बाबा शेजारीच बसले होते आणि फोन मी स्पीकरवर ठेवला होता. बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "तिथं पंगत राह्यते काय?" मी म्हटलं, तुम्हाला कुठे पाठवत नाहीये. "मी कुठं म्हनलं पाठोते म्हणून," ते म्हणाले आणि गच्चीवर गेले.

तर उन्हाळा पार पाडायचा होता. मी वाचायला लागले, व्हिडिओ बघितले, फोन केले. मातीशिवाय शेती करणाऱ्यांमध्ये दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एक म्हणतो, पाणी ऑपरेशन थिएटरसारखं स्वच्छ ठेवा. हायड्रोजन पेरॉक्साइड घाला, एकही जंतू जगू देऊ नका, म्हणजे मुळं सडवणारी बुरशीही जगणार नाही. दुसरा म्हणतो, पाणी कधीच पूर्ण स्वच्छ राहत नाही. तुम्ही सगळ्यांना मारलंत की रिकाम्या जागेत सगळ्यात आधी वाईटच येऊन बसतात. त्यापेक्षा चांगले जंतू सोडा. बॅसिलस, ट्रायकोडर्मा. ते मुळांवर आधी जागा धरतील आणि बुरशीला शिरकाव करू देणार नाहीत. त्यावर पहिला पंथ विचारतो, अहो, पण हे जंतू मातीतले. पाण्यात त्यांना खायला काय आहे? ते टिकतात तरी का? यावर दुसऱ्या पंथाचं उत्तर प्रत्येक बाटलीवर वेगळं छापलेलं असतं.

दोन्ही एकत्र करता येत नाही. पेरॉक्साइडला चांगलं-वाईट कळत नाही, तो सगळ्यांनाच मारतो. म्हणजे पाणी जिवंत ठेवायचं की मेलेलं, हे उन्हाळ्याआधी ठरवायला हवं होतं. आणि ते मी ऐकीव गोष्टींवर ठरवणार नव्हते. टाक्या दोन होत्या. रोपं एकाच बियाण्याची, पाणी एकच, खत एकच, ऊन एकच. एका टाकीत जंतू सोडायचे, दुसरीत नाही. ऊन तापायला लागलं की फरक दिसेल. इतकी स्वच्छ चाचणी मला हिंजवडीत कधी करायला मिळाली नव्हती.

जंतूंची बाटली कुरिअरने आली. तपकिरी पाणी, ताकासारखा आंबूस वास. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात म्हणून पाणी बादलीत उघडं ठेवून मग त्यात कालवायचे, आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवायची. बाबांनी विचारलं, "हे काय होय?" मी म्हटलं, विरजणासारखं समजा. चांगले जंतू आहेत. मुळांना निरोगी ठेवतात.

"म्हंजे झाडाईचं ताक."

"हो. झाडांचं ताक."

त्यांनी ती बाटली फ्रिजमध्ये आमच्या ताकाच्या भांड्याशेजारी नीट उभी केली. मग मी गच्चीवर एका टाकीत झाकणभर ओतलं आणि झाकण लावलं. बाबा दुसऱ्या टाकीशी उभे होते.

"अन् याईले?"

"त्यांना द्यायचं नाही, बाबा. बघायचंय ना, न देता काय होतं ते."

"काहून? याईनं काय गुन्हा केला?"

मी हसले. समजावून सांगितलं. एकाला दिलं आणि एकाला नाही दिलं, तरच कळेल की देण्याचा उपयोग होतो का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. "तुले शिकलेलीले जास्त समजते," म्हणाले. मला वाटलं, पटलं.

बाटली फार लवकर संपली. मी विकणाऱ्याला फोन लावला आणि अमरावतीत शिकलेलं सगळं सौजन्य बाजूला ठेवून पुण्यात शिकलेलं वापरलं. "अहो, बाटलीत जंतू भरता की हवा? झाकणाचा हिशेब बाटलीवर तुम्हीच छापलाय ना?" तो बिचारा म्हणाला, मॅडम, बाष्पीभवन होत असेल. बंद बाटलीत, फ्रिजमध्ये, बाष्पीभवन! मी त्याला विज्ञान शिकवलं. त्याने मुकाट्याने दुसरी बाटली पाठवली. तीही लवकर संपली. आता मला खात्रीच पटली की हा माणूस लबाड आहे, आणि लबाडाच्या बाटलीत काय असणार, हेही मनात बसत गेलं.

ऊन चढलं. जाळीखाली उभं राहिलं की डोकं भणभणायचं. दोन्ही टाक्यांच्या आतल्या बाजूला एक पातळसा, नितळ थर आला. दोन्हीकडे सारखाच, म्हणून मी तो उन्हाच्या खात्यावर टाकला. मुळं मात्र पांढरीशुभ्र होती. दोन्ही मांडवांवर. मी रोज पेले उचलत होते, फरक शोधत होते, आणि फरक नव्हता. पीक काढलं तेव्हा एकेक गड्डा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. इकडचा आणि तिकडचा, काही वेगळं नाही. बाबा बघत होते. खूश होते. "सगळेच चांगले आले," म्हणाले.

माझ्या नजरेत निकाल स्पष्ट होता. जंतू दिले काय, न दिले काय, सारखंच. म्हणजे बाटलीत दम नाही. पाणी तेवढं स्वच्छ ठेवलं की पुरे. मी पेरॉक्साइडचा कॅन मागवला, टाक्या घासूनपुसून कोरड्या केल्या आणि खऱ्या उन्हाळ्याचं पीक लावलं. उरलेली बाटली मोरीत ओतली. बाबा दारात होते.

"आता त्याईले ताक नाही काय?"

"नाही बाबा. त्याचा उपयोग नाही."

"उपयोग नाही कसा? चांगले तर आले न सगळे."

"म्हणूनच," मी म्हटलं. ते थोडा वेळ उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं, पण काय ते हातून निसटलं असावं, किंवा मी त्या वेळी कपाळाला आठ्या घालून नळ सोडला होता म्हणून बोलले नसतील. आत जाऊन बसले.

मेमध्ये एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. हातात पेला होता. मुळं तपकिरी होती आणि त्यांच्या बोटांवर तो बुळबुळीतपणा आला होता. मी पेरॉक्साइड वाढवला. मुळांचे केस जळाले. बर्फाच्या लाद्या आणून टाकीत सोडल्या, त्या दुपारपर्यंत वितळल्या. पुन्हा जंतूंची बाटली मागवायचा विचार केला आणि केला तसा सोडला, कारण त्यांचा उपयोग नाही हे तर मीच सिद्ध केलं होतं. पानं आधी दुपारी मान टाकायची आणि संध्याकाळी उचलायची, मग उचलेनाशी झाली. आठवडा संपायच्या आत दोन्ही मांडव पुन्हा सडले. कल्याणीनगरच्या बाईने फोन केला नाही, संदेश पाठवला. खाली दोन हात जोडलेले.

बाबा त्या सडलेल्या रोपांचेही पेले रोज उचलून बघत होते. मी पाइप काढून विकायला नेईपर्यंत.

नोकरी मिळाली, आधीपेक्षा खालची. मुलाखत घेणारी मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली होती आणि मला फार आदराने वागवत होती. त्या आदराचा जितका त्रास झाला तितका अपमानाचा झाला नसता. पावसाळ्यात मी बाबांना आश्रमात नेलं. बॅग मी भरली, त्यांनी त्यात वरून स्वतःचं ताट ठेवलं. मी म्हटलं, तिथे ताटं असतात. "असू दे," म्हणाले. निघताना त्यांनी मला एवढंच विचारलं, की तुझं जेवण कोण वाढणार. मला रडू आलं आणि मी ते रिक्षावाल्यावर काढलं, की थांबायला काय होतं तुम्हाला.

बरं, जागा वाईट नव्हती. बाग फोटोतल्यापेक्षा लहान होती, माणसं फोटोतल्यापेक्षा बरीच. मी दर रविवारी जायचे. पहिले काही रविवार ते मला नवी पाहुणी आल्यासारखं सगळ्यांना दाखवायचे, "माही पोरगी, पुण्यात मोठी नौकरी आहे." आपणही पुण्यातच आहोत हे त्यांना पटत नसे.

मग एका रविवारी आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी मला ऑफिसात बसवलं. शांत स्वभावाच्या, हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आपले वडील दुसऱ्यांच्या ताटात वाढतात." शेजारच्या आजोबांना साखरेचा आजार. त्यांना शिरा वाढत नाहीत. बाबा आपल्या ताटातला शिरा उचलून त्यांच्या ताटात घालतात. सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, त्यांना शिरा देणं बंद करून पाहिलं, तर ते पलीकडच्याच्या ताटातला उचलून देतात. त्या आजोबांना परवा रात्री दवाखान्यात हलवावं लागलं. "ते वाचले," बाई म्हणाल्या, "पण त्यांच्या मुलाचं म्हणणं आहे, एक तर तुमचे वडील राहतील, नाहीतर माझे."

मी बाबांकडे गेले. ते बाकावर बसले होते. मी रागावले. खूप रागावले. म्हटलं, माणूस मरता मरता वाचला, तुम्हाला कळतं का? एकाला द्यायचं नाही असं सांगितलं असलं तर त्याला काही कारण असतं. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. तुम्हाला कुणी सांगितलंय मधे पडायला?

त्यांनी चेहरा पाडला. लहान मुलासारखा नाही. माझ्यापुढे चेहरा पाडायची सवय लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. म्हणाले, "तू तर रागावतच राह्यते. तुह्या त्या झाडाईच्या वक्ती बी रागावली असती. म्हणून मी सांगतलं नाही."

"काय सांगितलं नाही?"

"एका टाकीले ताक अन् दुसरीले नुसतं पाणी. एका छपराखाली. असं राह्यते काय कुठं? तू खाली गेली की मी देत होतो ना त्याईले बी. झाकण भरून. तेवढंच. जास्त नाही देल्लं."

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, रागावते की नाही ते. मग थोडं धीराने म्हणाले, "चांगले आले होते न सगळे? तूच तर म्हनलं."

परतीच्या रस्त्यावर मी सगळं पुन्हा मांडून बघितलं. बाटल्या लवकर का संपल्या. दोन्ही टाक्यांना सारखा थर का आला. मुळं दोन्हीकडे पांढरी का राहिली. जंतूंनी काम केलं होतं, कदाचित. दोन्ही मांडवांवर केलं होतं, म्हणून मला ते दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणून मी ते मोरीत ओतलं. उन्हाळ्यात तीच बाटली घातली असती तर मुळं टिकली असती, सॅलडवाली बाई टिकली असती, बाबा सकाळी चहा पिऊन गच्चीवर गेले असते. असं म्हणायला जीव आसुसतो. पण टेस्टिंगमध्ये आयुष्य गेलंय, तेही धड म्हणू देत नाही. ज्या टाकीत काहीच सोडलेलं नाही अशी टाकी गच्चीवर नव्हतीच. मार्चच्या उन्हात मुळं तशीही पांढरी राहिली असती, आणि मेच्या उन्हात बाटल्या ओतूनही सडली असती. पहिला पंथ खरा की दुसरा, मला माहीत नाही. माझं घर ज्या प्रश्नावर गेलं त्याचं उत्तर मला मिळालं नाही, आणि आता ते मिळवायला ना मांडव आहेत ना टाक्या.

बाबांवर रागवावं असंही वाटलं, आणि मग रागावायला धरावं असं काही हाती लागेना. त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं. मीच त्यांना रोज त्या दोन मांडवांमध्ये उभं केलं होतं. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मग नव्या जागेचं बघायचं का?" त्याने फोटो पाठवले. बाग होती.

नवी जागा मी बघितली. दुसरी, तिसरीही बघितली. विसरणारा माणूस आहे म्हटलं की जागा नसायची. दुसऱ्याच्या ताटात वाढतो म्हटलं की बोलणंच संपायचं. शेवटी व्यवस्थापक बाईंनीच मार्ग सुचवला. त्यांना बाबांचा लळा लागला होता, हेही खरं. म्हणाल्या, "आपण त्यांना वेगळं बसवू. बाकीच्यांचं आटोपल्यावर, आतल्या खोलीत, एकटं. समोर कुणाचं ताटच नसेल तर प्रश्नच येणार नाही. पण घरच्यांचा होकार लागेल." त्या आजोबांच्या मुलाला हे चालणार होतं. भावालाही चाललं. सगळ्यांना चालत होतं.

मी हो म्हटलं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम जेवणाच्या वेळी गेले. हॉलमधली भांडी आवाज करत गोळा होत होती. आतल्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर जुनं कॅलेंडर. बाबा ताटासमोर बसले होते. वरण, भात, भाजी, पोळी, सगळं वाढलेलं होतं आणि त्यांनी हात लावला नव्हता. मी स्टूल ओढून शेजारी बसले. त्यांनी दाराकडे बघितलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. बराच वेळ बघितलं.

"माह्याकडून काही चुकलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मंग मले काहून काढलं पंगतीतून? तू सांग न त्याईले. तुह्यं ऐकतील."

"सांगते," मी म्हटलं, आणि वरणभात कालवून पहिला घास त्यांच्या तोंडाजवळ नेला. सांगायचं कुणाला होतं? होकार माझाच होता.